टॅबवरचा धबधबा

आपली फजिती आपणच सांगून टाकलेली बरी. नाहीतर आमचे खरात काका सांगतात, आणि ते सांगतात तेव्हा दर वेळी तिला एक नवीन शेपूट फुटतं. म्हणून चहा येईपर्यंत खरी काय ती माझ्या तोंडून ऐका.

तर मी मोताळ्याला शाळेत विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे तुम्ही विचारणारच, "हा माणूस पोटापाण्याला करतो तरी काय?"

मला हौशी रेडिओचा नाद आहे. हॅम म्हणतात त्याला. परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, गच्चीवरून लिंबापर्यंत तार ताणायची आणि जगभरातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी बोलत बसायचं. "पण फोन आहे ना?" असं कृपा करून विचारू नका. माझी बायको वंदना ते रोज विचारते.

खरात काका म्हणजे जिल्ह्यातल्या आम्हा मूठभर हॅम मंडळींचे गुरू. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन बुलढाण्याला राहतात. पावसाळ्याआधी आमच्या तालुक्यात पुराचा सराव व्हायचा होता. सगळे फोन बंद पडलेत असं समजायचं आणि नळगंगेकाठच्या गावांचे निरोप रेडिओवरून तहसील कचेरीत पोचवायचे. त्या रेडिओवर कोणाला बसवायचं, हे काका ठरवणार होते.

मला ते काम हवं होतं. हवं म्हणजे काय, मी झोपेतसुद्धा निरोप घ्यायला लागलो होतो! माझ्या रेडिओला आमच्या घरात 'तो डबा' म्हणतात हो. एकदा चारचौघांत, साहेबलोकांसमोर त्या डब्यावर बसलो असतो, तर घरात त्याचा रेडिओ झाला असता.

मग काकांवर छाप पाडायची कशी? ठरवलं, रेडिओ टॅबला जोडायचा.

यात अवघड काही नाही. रेडिओच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढायची, ती टॅबच्या इअरफोनच्या भोकात खुपसायची. आवाज टॅबमध्ये जातो आणि ऐकू येण्याऐवजी दिसतो. निळा पडदा वरून खाली संथ सरकत राहतो आणि सिग्नल आला की त्यावर पिवळी रेघ उमटते. वॉटरफॉल म्हणतात याला. धबधबा! रेडिओत पिन घातली की त्याचा स्पीकर आपोआप गप्प होतो. म्हणजे ऐकायचं काहीच नाही, नुसतं बघायचं.

घरात एक जुनी वायर सापडली. दोन्ही टोकांना पिन होती, ती दोन्ही भोकांत बसली. बसली म्हणजे जोडली गेली, एवढं विज्ञान मला येत होतं.

शाळा सुटली की मी मागच्या खोलीत जाऊन त्या धबधब्यासमोर बसायला लागलो. खरं सांगू का, त्याच्यावरून नजर हटत नसे. लहानपणी संध्याकाळी हौदावर बैलांना पाणी पाजायचं काम माझं होतं. तेव्हा पाण्याकडे बघत असाच हरवून उभा राहायचो.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सिग्नल आला!

पिवळी, ठसठशीत रेघ. लांबलचक, जरा वर चढणारी, मग हळूच खाली उतरणारी. थोडं थांबून पुन्हा तशीच. मी फोटो काढून आमच्या हॅम मंडळींच्या ग्रुपवर टाकला.

झालं! एकाने लिहिलं, दक्षिण अमेरिका. दुसरा म्हणाला, रेघ अशी डुलते म्हणजे नक्की चालत्या जहाजावरून आहे. तिसऱ्याने जहाज पाण्याखाली ढकललं आणि पाणबुडी केली. मी मोठ्या मनाने लिहिलं, "अंटार्क्टिकाची शक्यता नाकारता येत नाही." अहो, कशाच्या जोरावर? पण लिहिलं.

वंदनाला बोलावलं. ती बसली, मी तिला समजावून सांगितलं, बराच वेळ सांगितलं. बोलण्याने पडद्यावर नुसते फिकट ठिपके सांडत होते, रेघ काही आली नाही. ती कंटाळून उठून गेली, मी गप्प बसून बघायला लागलो, तर लगेच हजर!

"तुमचं ठेसन मले पाहून लाजते का हो?" ती सैपाकघरातून म्हणाली.

एकदा तर पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळाजर्द पट्टा उमटला.

"उल्का!" मी ओरडलो. "अगं, उल्का पडली की असा सिग्नल येतो!"

"तीन झाल्या का?" वंदनाने विचारलं.

"काय तीन?"

"शिट्ट्या. कुकरच्या."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, या बाईला विज्ञानाचं काही म्हणजे काही नाही.

इकडे ग्रुपवर इतका धुरळा उडाला की काकांचा फोन आला. "सर, रविवारी येतो मी. डोयानं पाहू द्या एकदा. खरं असन तं सरावाचं दुसरं नावच घ्याचं नाई, तुमीच बसान." माझी छाती पार फुगली.

रविवारी काका आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून, तोंड मिटून, शाळा तपासणीला साहेब आल्यासारखा ताठ बसलो. काका टॅबसमोर बसले.

पडदा निळा. थोड्या वेळाने? निळाच.

"वेळ ठरेल हाय का त्याची?" काकांनी विचारलं.

"मी बघत असलो की येतो," मी म्हणालो. आता हे वाक्य तरी विज्ञानाच्या मास्तराने बोलावं का?

काका उठून अंगणात तार बघायला गेले. मी हताश होऊन पडद्याकडे बघत राहिलो. आणि ती आली! लांब, डौलदार, चढत उतरत.

"काका! आला, आला!"

काका सत्तरीतले, गुडघे दुखतात. तरी पळत आले. पडदा निळा. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा रेघ, पुन्हा हाक, पुन्हा काका धापा टाकत दारात, पुन्हा निळा.

"सर," ते खुर्चीत टेकत म्हणाले, "या ठेसनाचं अन् माह्यं काई वैर हाय का?"

माझ्या डोळ्यांसमोर सरावातली खुर्ची दुसऱ्या कोणाच्या तरी खाली सरकायला लागली.

तेवढ्यात ओसरीवरून आमच्या मायचा आवाज आला. माय तिथे तुरीची डाळ निवडत बसली होती.

"काऊन रे बाबू, पाव्हणा घरी आला अन् तू मघापासून शीळ काऊन घालून राह्यला?"

"मी? मी कुठं शीळ घातली?"

"रोजच तं घालतं. त्या काचीत पाहाले बसला का सुरू. बैल तं आपुन पोया झाल्यावरच इकले ना? मंग पाणी कोनाले पाजून राह्यला?"

इथे शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. बैल पाणी प्यायला लागला की आमच्याकडे माणूस शीळ घालतो, लांब, चढती-उतरती. त्याशिवाय बैल पोटभर पीत नाही म्हणतात. माझ्या ओठांना ती सवय लहानपणी लागली. बैल गेले, पण शीळ ओठांत राहून गेली आणि माझं मलाच ते ठाऊक नव्हतं.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस, माय?"

"मले वाटे, पोराले बैलाईची याद येते. म्हून नाई बोलली," माय म्हणाली, आणि पुन्हा डाळीत बघायला लागली. मला हसावं की रडावं कळेना.

काका मात्र खुर्चीतून उठले. ते टॅबवर वाकले आणि त्यांनी हलकीशी शीळ घातली.

पिवळी रेघ! लांब, डौलदार, अंटार्क्टिकाची!

मग त्यांनी वायर उपसून पिन डोळ्यांजवळ धरली. "हे पाहा सर, या पिनेवर दोन काया रेघा हाय. टॅबले तीनवाली लागते. वायर लागली हे त्याले समजलंच नाई. तो आपल्याच माइकनं घरातलं ऐकून राह्यला."

म्हणजे ती डुलती रेघ मी. उल्का कुकर. आणि ग्रुपमधल्या जाणत्या मंडळींनी जिला पाणबुडी ठरवलं, तीसुद्धा मीच.

मी मान खाली घालून बसलो. सराव गेला, डबा डबाच राहिला, आणि ग्रुपवर काय तोंड दाखवायचं! काका घसा खाकरून म्हणाले, "सरावाले तुमीच बसा सर. वायर मी आणतो. रेडिओ बंद पडला तरी तुमची शीळ जाईन तहसीलपर्यंत."

केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! माझा घसा कोरडा पडला होता. वंदनाला काय कळलं कोण जाणे, तिने पाण्याने भरलेला मोठा तांब्या आणून बरोबर माझ्यापुढे ठेवला. चहा सगळ्यांना, पाणी मला एकट्याला.

मी तांब्या तोंडाला लावला.

आणि खरात काकांनी, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, लांब, चढती-उतरती शीळ घातली. मी पोटभर प्यालो.