खोडलेली ओळ

"कशावरून?"

हा तिचा शब्द. गणिताचे सर फळ्यावर सूत्र लिहीत आणि तिचा हात वर. "सर, हे कशावरून?" सर गाईड उघडून छापलेली ओळ दाखवत. ती म्हणे, "गाईडात आहे ते दिसून राह्यलंय सर. पण कशावरून?" मग तिला वर्गाबाहेर काढत.

वर्गाबाहेर म्हणजे माझ्या ऑफिसच्या खिडकीपाशी. राजूरपासून थोड्या अंतरावरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तेव्हा लिपिक होते. गावाचं नाव सांगत नाही, बदनामी एकदा झाली तेवढी पुरे. नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. मी फुकट गेलेले स्टेन्सिलचे कागद गठ्ठा करून ठेवायचे. ती खिडकीतून हात आत घालून म्हणायची, "बाई, पाठकोरे?" मी द्यायचे. खिडकीच्या दगडी कट्ट्यावर कागद ठेवून ती उभ्यानंच गणितं करायची. तास संपला तरी तिला कळायचं नाही.

अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. हुशार मुलं असतात, पण ती मार्कांसाठी हुशार असतात. हिला मार्कांचं काही नव्हतं. एस.टी. आली की पाटी बघायच्या आधी गाडीचा नंबर बघायची आणि त्याला कशानं भाग जातो ते पुटपुटत चढायची. एकदा त्या नादात भोकरदनऐवजी जाफराबादच्या गाडीत बसली. कापसाच्या दिवसांत आई तिला शेतात न्यायची आणि माझ्यापाशी येऊन तक्रार करायची, "वेचायचं राह्यलं बाजूला, ही बोंडं मोजून राह्यली. ह्या झाडाला इतकी, त्या झाडाला इतकी. याला काय म्हणावं बाई?"

अकरावीत सहल लेण्यांना गेली होती. परतताना औरंगाबादला गाडी पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत ही गायब. तासाभरानं आली ती धापा टाकत. विद्यापीठात जाऊन आली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं म्हणे, गणित कुठं शिकवतात? त्यानं दाखवलं. सुट्टीचा दिवस, वर्ग रिकामा. ही खिडकीतून बघून आली.

"बाई, भिंतीपासून भिंतीपर्यंत फळा आहे. एक गणित मांडायला मधीच पुसावं लागत न्हाई."

यापलीकडे तिला विद्यापीठाकडून काही नको होतं. बी.एस्सी., मग त्या फळ्यासमोर एम.एस्सी. वडिलांचं म्हणणं वेगळं. माणूस सरळ, स्वतःच्या शेतात राबणारा, मुलीवर जीव असणारा. पण त्यांना डी.एड. कळत होतं. दोन वर्षांत मास्तरीण, पगार सुरू, सोयरीक चांगली. ती म्हणायची, "दादा, मला शिकवायचं न्हाई. मला शिकायचंय." शेवटी ठरलं की बारावीला गणितात नव्वदच्या वर मार्क पडले तर औरंगाबादला मावशीकडे, नाहीतर डी.एड.

आता आमच्या केंद्राबद्दल. मुख्याध्यापक इतिहासाचे. निकाल चांगला लागला की संस्था खूश, तुकड्या वाढतात, म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती. पेपर सुरू होऊन तास-दीड तास झाला की हुशार मुलाच्या पुरवण्या "सही राहिली" असं सांगून पर्यवेक्षक काढून घेत. त्या ऑफिसात येत. तिथे मी कार्बन लावून त्यांच्या नकला करायचे. शिपाई पाण्याच्या कळशीबरोबर त्या वर्गात वाटायचा. विषयशिक्षकाला त्या दिवशी केंद्रावर थांबायला बंदी, म्हणून नकलेत काय आहे हे कळणारं ऑफिसात कोणी नसायचं. मला का निवडलं? माझं अक्षर चांगलं. आणि माझी नोकरी कायम व्हायची होती. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही.

त्या वर्षी गणिताच्या पेपरला तिच्या पुरवण्या आल्या. नक्कल कशी करायची हे मला मुख्याध्यापकांनीच शिकवलेलं होतं: मूळ प्रतीत जसं असेल तसं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी तसंच केलं. एका गणितात तिनं एक ओळ लिहून खोडली होती. मीही ती ओळ लिहिली आणि वर रेघ मारून खोडली.

आणि वर्गातल्या सगळ्यांनी ती ओळ लिहिली आणि खोडली.

बोर्डाचा परीक्षक आंधळा नव्हता. तिची रीत पुस्तकातली नव्हती, ती उलट्या बाजूनं निघायची. ती रीत सगळ्या पेपरांत, आणि तीच ओळ त्याच जागी खोडलेली. एका बहाद्दरानं तर नकलेची चिठ्ठीच पेपरात ठेवून दिली होती. सगळ्यांचे निकाल राखून ठेवले. चौकशी लागली. मुख्याध्यापकांनी एक निवेदन दिलं: सदर विद्यार्थिनीने स्वखुशीने आपली उत्तरपत्रिका इतरांना दाखवली, केंद्राचा संबंध नाही. तेही मीच लिहिलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं.

चौकशीला औरंगाबादला मुलीसोबत बाईमाणूस हवं म्हणून मलाच पाठवलं. मी बाहेर बाकावर बसले. ती अर्ध्या तासानं बाहेर आली. गणितातली संपादणूक, म्हणजे मार्क, सगळ्यांचे रद्द, तिचेही. कोणी कोणाचं बघितलं याच्या खोलात समिती गेली नाही. जेवायची वेळ झाली होती.

परतीच्या एस.टी.त ती माझ्या शेजारी बसली. बदनापूर मागे पडलं. मग म्हणाली, "बाई, अक्षर लई चांगलंय तुमचं."

मी तिकिटाची घडी घालत राहिले.

"त्यांच्या टेबलावर चिठ्ठी होती अन् मोठ्या सरांचं निवेदन होतं. दोन्हीत नऊचं शेपूट सारखंच वळलेलं. मी बघितलं. त्यांनी न्हाई बघितलं."

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुमचं नाव घेतलं असतं तर फक्त तुमची नोकरी गेली असती. सर राह्यले असते."

एवढं बोलून तिनं खिडकीकडे तोंड केलं. माझ्यावर दया केली असं तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढा. तिनं फक्त हिशोबात बसत नाही म्हणून मला सोडलं होतं.

वडिलांनी एक वर्ष दिलं. "बिलकुल एकच साल. मंग माझं ऐकायचं." पुन्हा बसायचं तर फॉर्म आमच्याच कॉलेजमधून, केंद्र तेच. फॉर्म भरायला ती ऑफिसात आली तेव्हा मुख्याध्यापक तिथेच होते. चहा पीत होते. हसून म्हणाले, "ये पोरी. यंदा जरा नीट लिही. खाडाखोड करून सगळ्यांचा घोटाळा करतीस."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "न्हाई करत सर. एकदम साफ लिहिते."

"शाब्बास. आमचे चिरंजीवही आहेत यंदा. इंजिनिअरिंगला घालायचंय."

"माहीत आहे सर," ती म्हणाली. "दुसऱ्या बाकावर असतो."

त्या वर्षभरात तिनं माझ्याकडे पाठकोरे कागद मागितले नाहीत. मी गठ्ठा ठेवत होते. तसाच पडून राहिला.

गणिताचा दिवस आला. सव्वा तासानं पुरवण्या ऑफिसात. खरंच साफ होत्या, एकही खाडाखोड नाही. मुख्याध्यापक माझ्या मागे उभे. मला तंबी दिलेली होती, खोडलेलं काही दिसलं तर उतरवायचं नाही. मी कार्बन लावला आणि लिहायला लागले.

मला बारावीचं गणित कळत नाही. पण पाढे येतात. तिसऱ्या पानावर एका ठिकाणी तिनं सात गुणिले आठ केलं होतं आणि पुढे चोपन्न लिहिलं होतं.

माझा हात थांबला.

जी मुलगी एस.टी.च्या नंबरांना तोंडी भागते, ती सात आठे चोपन्न लिहील? मी पान उलटलं. पुढे ते चोपन्न तसंच चालत गेलेलं, प्रत्येक ओळीत वाढत, शेवटच्या उत्तरापर्यंत. त्याखाली उत्तराला नीट चौकट. बाकीची पानं चाळली, तर जवळजवळ प्रत्येक गणितात एखादा पाढा असाच चुकवलेला.

"काय झालं बाई? थांबल्या का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"काही नाही सर," मी म्हटलं. "कार्बन बदलते."

कार्बन बदलला आणि चोपन्न लिहिलं. माझं सगळ्यांत सुंदर अक्षर त्या दिवशी पडलं असेल. नोकरीत इतकं मन लावून मी दुसरं काही लिहिलेलं नाही. कळशी वर्गात गेली. मी उठून खिडकीपाशी उभी राहिले. समोरच्या वर्गात चाळीस माना खाली होत्या आणि चाळीस हात भराभरा चालत होते. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

पुढचं मला पर्यवेक्षकानं संध्याकाळी सांगितलं, हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं. पुरवण्या परत मिळाल्यावर तिनं त्या पुढ्यात घेतल्या, पट्टी काढली आणि एकेका पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. मग कोऱ्या पुरवण्या मागितल्या. शेवटचा तास-सव्वा तास तिनं मान वर केली नाही. घंटा झाल्यावर पेपर दिला आणि दुसऱ्या बाकाकडे एकदा बघून बाहेर पडली.

निकाल लागला. आमच्या केंद्रावर गणितात तीन जण पास. ती, आणि मागच्या बाकावरचे दोन भाऊ, ज्यांच्यापर्यंत चिठ्ठी पोचलीच नव्हती. त्यांना काठावर मार्क होते. तिला शंभरात सत्त्याण्णव.

गुणपत्रिका मी वाटत होते. मुख्याध्यापक केबिनमधून बाहेर आले. चेहरा काळाठिक्कर. सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, "दगा दिलास! शाळेला दगा दिलास तू!"

ती जागची हलली नाही. "मी माझाच पेपर लिहिला, सर. तुमच्या पोरानं कोणाचा लिहिला?"

बाहेर पालक उभे होते, सरपंच होते, संस्थेचे दोन संचालक होते. ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही ऐकू गेलं. मुख्याध्यापकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतिहासाचा माणूस, तासन्तास बोलणारा. त्यांना गप्प झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि पोटभर पाहून घेतलं. पुढच्या वर्षी बोर्डानं केंद्र काढून घेतलं, संस्थेनं त्यांची खुर्ची. निरोपसमारंभाचं पत्रक काढायचं राहून गेलं. ते काम माझं होतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. नापास झालेल्यांत तिची एक मैत्रीण होती, रोज एका डब्यात जेवणारी. तिचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. निकालानंतर ही आपला दाखला न्यायला आली तेव्हाच मी म्हटलं, "मैत्रिणीला तरी सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. चिठ्ठी आली तर घेऊ नको, स्वतःचं लिही म्हणून." मग म्हणाली, "का, ते न्हाई सांगितलं. सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं." तिचा आवाज जरा बसला होता. पण डोळे कोरडे होते.

दाखल्यावर मी तिचं नाव, जन्मतारीख, शेरा लिहिला. तिनं तो उभ्यानं वाचला, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. रजिस्टरात पोचेची सही केली आणि निघाली. मी म्हटलं, "जपून राहा. पत्र टाक." तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

पत्र आलं नाही. मी जालन्याला बदली करून घेतली, कायम झाले, केस पिकले. दहा-बारा वर्षांनी चतुर्थीला राजूरला गेले तेव्हा बसस्टँडवर तिचे वडील भेटले. हातात नारळाची पिशवी. लगेच ओळखलं त्यांनी.

"बाई! पोरगी युनिव्हर्सिटीतच हाय की. एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. करून राह्यली. लई मोठा फळा हाय म्हणती."

मला आनंद झाला. मी म्हटलं, "माझा नमस्कार सांगा तिला. ऑफिसातल्या बाई भेटल्या म्हणा."

त्यांनी मान खाजवली. भला माणूस, खोटं बोलता येत नव्हतं. "मागं एकदा तुमचा विषय निघाल्ता घरी. मीच काढला. म्हटलं, त्या बाई लई कागद द्यायच्या तुला."

"मग?"

"म्हणली, कोणत्या बाई?" ते ओशाळून हसले. "शिकून शिकून विसरभोळी झाली बघा."

मी म्हटलं, होतं असं. माझी गाडी लागली होती, मी चढले. ते खालून पिशवी वर धरून म्हणत होते, बाई, प्रसाद घ्या की. मी खिडकीची काच वर केली आणि हात बाहेर काढला.