शेवट बघायला व्हिएन्नाला

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या द्राहोमीराबाईंनी एकतीस वर्षं ओपाव्हा गावच्या नाट्यगृहात प्रेक्षकांचे कोट सांभाळले. डावीकडचा कठडा त्यांचा. दोनशे चाळीस खुंट्या आणि दोनशे चाळीस पितळी बिल्ले. गावातल्या माणसांना त्या चेहऱ्यावरून फारशा ओळखत नाहीत. उन्हाळ्यात रस्त्यात नगराध्यक्ष समोर आले तरी त्या सरळ पुढे निघून जातात. ऑक्टोबरात अंगावर कोट चढला की त्याच नगराध्यक्षांना भर चौकात थांबवून विचारतात, "काय हो, अस्तर शिवलंत का?" कॉलरच्या आतली, कोट टांगायची पट्टी तुटलेली असेल तर मात्र त्या कुणाचीच गय करत नाहीत. एका न्यायाधीशांना त्यांनी अख्ख्या रांगेसमोर विचारलं होतं, "घरी सुई नाही का?" न्यायाधीशांनी गुन्हा कबूल केला.

अशा या बाईंनी एकतीस वर्षांत एकाही नाटकाचा शेवट पाहिला नव्हता.

याला कारण आम्ही गावकरी. नाटक सुरू झालं की कोटवाल्या बायकांना सभागृहात मागे उभं राहून बघायची मुभा असते, पण संपायच्या पंधरा मिनिटं आधी कठड्यामागे हजर व्हावं लागतं. आमच्याकडे नायक मरणाला टेकला की लोकांना आपापल्या कोटाची आठवण येते. बाहेरगावचे नट आमच्या गावावर खूश असतात, कारण पडदा पडता पडता अख्खं सभागृह उभं राहतं. त्यांना तो मान वाटतो. खरं म्हणजे ती रांग असते.

त्यामुळे द्राहोमीराबाईंच्या डोक्यात शेकडो नाटकं अर्धवट लोंबकळत होती. विषाचे सगळे पेले अजून भरलेले होते, सगळ्या तलवारी अजून उगारलेल्या होत्या आणि एक म्हातारा बाप अठ्ठावीस वर्षं दारात मुलाची वाट बघत होता. कुणी पुढचं सांगू लागलं तर त्या कानांवर हात ठेवत. "नका सांगू. बघणार आहे मी कधीतरी."

गेल्या शरद ऋतूत त्या निवृत्त झाल्या. नाट्यगृहातल्या सोबतिणींनी मिळून जानेवारीतली व्हिएन्नाची सहल भेट दिली: बसने जाणं-येणं, दोन रात्री हॉटेलात आणि रविवारी दुपारी तीनच्या ऑपेराची दोन तिकिटं.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं. ओल्द्रिख साखर कारखान्यात फिटर होता. कोटाकडे पळणाऱ्यांचा तो पुढारी. त्याची खुर्ची कायम डावीकडची, कडेची, दाराजवळची. रांगेतला पहिला नंबर त्याने एकदाच गमावला, आणि तेव्हा पुढे गेलेला माणूस ड्युटीवरचा अग्निशामक होता, त्यामुळे ते धरायचं नाही, असं तो अजूनही सांगतो.

तिकिटं हातात पडली त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात झालेलं बोलणं मला दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि नवल म्हणजे दोन्हींचा मजकूर जुळला.

"ओल्दा, ऐक. या वेळी मला शेवट बघायचाय."

"बघ की. तोवर मी कोट घेऊन ठेवतो."

"तूही बसायचंस. पडदा पडेपर्यंत."

"अगं, पण रांग..."

"मला रांगेचं कौतुक सांगू नकोस. मी जन्मभर तिच्या पलीकडे उभी होते. एकतीस वर्षं, ओल्दा, आणि एकाही माणसाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. एक शेवट दाखव मला. एकच."

ओल्द्रिखने तिकिटांवरचे खुर्च्यांचे आकडे पाहिले. मग म्हणाला, "बरं. पण कडेच्या खुर्च्या बदलून घेऊ."

निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी पावाचा चुरा लावून चौदा रीझेक तळले. आमचा माणूस देशाबाहेर जाताना पासपोर्ट एखाद वेळेस विसरेल, पण हे डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे विसरणार नाही. याच पदार्थासाठी प्रसिद्ध असलेल्या व्हिएन्नाला रीझेक घेऊन जाण्यात काही विनोद आहे हे इमारतीत कुणाच्याही ध्यानात आलं नाही. व्हिएन्नात एका उपाहारगृहाच्या काचेसमोर, उणे सहा अंशांत, बाकावर बसून त्यांनी पहिले चार खाल्ले. काचेपलीकडे लोक ताटाबाहेर लोंबणारे तसेच रीझेक खात होते.

"बघ, यांनीही शिकून घेतलाय," ओल्द्रिख म्हणाला.

"पातळ ठोकलाय फार," बाई म्हणाल्या. "पण प्रयत्न चांगलाय."

दोन दिवस त्यांनी शहर पाहिलं. मोठं चर्च बाईंना पसंत पडलं नाही. एवढा उंच कळस बांधला आणि एक खुंटी नाही, माणसं देवासमोर कोट घालून बसलेली. राजवाड्यात ओल्द्रिखने चिनी मातीच्या शेगड्या पाहिल्या, एकीच्या मागे हात घालून धुराडं कुठून नेलंय ते तपासलं, आणि पहारेकऱ्याने त्याला पुढच्या दालनात पोचवलं. तिथे काचेच्या कपाटात सम्राटांचे झगे होते. बाई चष्मा लावून एकेका झग्याच्या मानेकडे बघत गेल्या.

"टांगायची पट्टी नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "एकालाही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खुर्चीवर टाकत असणार. साम्राज्य गेलं ते काही उगाच नाही."

रविवारी अडीचला ते नाट्यगृहात हजर झाले. तिथल्या कोटवाल्या बाईंच्या छातीवर प्रोहास्का असं नाव होतं. इतकं आपलं नाव पाहून द्राहोमीराबाईंनी आनंदाने आपल्या भाषेत चार वाक्यं बोलून घेतली. प्रोहास्काबाईंना त्यातला एक शब्दही कळला नाही. त्यांच्या खापरपणजोबांनी आमचा मुलूख सोडला तेव्हा फक्त आडनाव सोबत नेलं असावं. पण द्राहोमीराबाईंनी कोट कठड्यावर ठेवला तो पट्टी वर आणि बाह्या आत दुमडून. प्रोहास्काबाईंनी तो पाहिला, मग बाईंकडे पाहिलं, आणि मान झुकवली.

ऑपेरा इटालियन भाषेत होता, वर जर्मन अक्षरं सरकत होती आणि दोघांना यातली एकही भाषा येत नव्हती, त्यामुळे कसलाच अडथळा झाला नाही. कालव्याची दारं उघडबंद करणाऱ्या झडपवाल्याची मुलगी एका शिपायावर प्रेम करत होती आणि तिच्या बापाला ते नको होतं. पहिला अंक झाला, मध्यंतर झालं, दोघांनी जिन्याखाली उभं राहून दोन रीझेक संपवले. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस बाप विरघळला, लग्न ठरलं, सगळ्या गावाने पेले उंचावून गाणं म्हटलं आणि पडदा पडला.

आमच्या नाट्यगृहात मध्यंतर एकच असतं. उपाहारगृहाच्या बाईंना आठ वाजून दहाची बस गाठायची असते. दुसरं मध्यंतर नावाची वस्तू असते हे ओपाव्हातल्या कुणाला सांगूनही पटलं नसतं.

"पडला," ओल्द्रिख कुजबुजला. "पूर्ण पडला. खालपर्यंत. मी बघितलं."

द्राहोमीराबाई रुमालाने डोळे पुसत होत्या.

"रडतेस कशाला? लग्न ठरलं की त्यांचं."

"म्हणून तर. मला वाटलं नव्हतं ठरेल."

मग ओल्द्रिख सुटला, बाई त्याच्या मागे. आणि काय सांगावं, रांगच नव्हती. लोक पाय ओढत वाईनच्या टेबलांकडे निघाले होते. "वीस लाखांचं शहर," कठड्यावर बिल्ले ठेवत तो म्हणाला, "आणि पहिला कोण?"

प्रोहास्काबाईंनी कोट दिले नाहीत. त्यांनी मान हलवली, तीन बोटं वर केली, त्यातली दोन मिटली आणि उरलेलं एक ओल्द्रिखच्या नाकासमोर धरलं.

"अजून एक आहे म्हणते," ओल्द्रिख म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"एक काय?"

"अंक."

"पण लग्न तर ठरलं. अजून काय राहिलंय?"

काय राहिलंय ते दाखवायला प्रोहास्काबाईंनी एक हात छातीवर ठेवला, डोळे वर फिरवले आणि कठड्यावर हळूहळू कलायला लागल्या. द्राहोमीराबाईंनी झटकन आधी नवऱ्याचे डोळे झाकले, मग आपले मिटले. "नका, नका. सांगू नका," त्या म्हणाल्या, आणि हे मात्र भाषांतराशिवाय पोचलं. प्रोहास्काबाई सरळ झाल्या, काही झालंच नाही अशा थाटात कठडा पुसला आणि घंटा वाजेपर्यंत दुसरीकडे बघत राहिल्या. एका कोटवालीला दुसरीचं दुःख समजतं.

तिसरा अंक सुरू झाला. साधारण अर्ध्या तासाने, घड्याळ न बघता, द्राहोमीराबाईंचा उजवा पाय वाटेकडे सरकला. तो एकतीस वर्षं याच वेळी सरकत आला होता. ओल्द्रिखचे दोन्ही सरकले होते. बाईंनी त्याची बाही पकडली, त्याने त्यांची. दोन पोलिसांनी एकमेकांना अटक करावी तसे ते बसून राहिले.

रंगमंचावर बर्फ पडत होता. शिपाई लढाईवर गेला होता, कुणी तरी खोटी बातमी आणली होती, आणि झडपवाल्याची मुलगी पातळ पांढऱ्या झग्यात कालव्याकाठी फिरत होती.

"हिचा कोट कुठाय?" द्राहोमीराबाई म्हणाल्या. पुढच्या रांगेतली तीन डोकी वळली.

"श्श."

"अरे, पण एवढ्या थंडीत सोडलं कुणी तिला असं?"

मुलगी कोसळली. शिपाई धावत आला, जिवंत, पण उशिरा. तिने तरीही आठ मिनिटं गायलं आणि मग तिचा हात खाली पडला. पडदा.

सगळे टाळ्या वाजवू लागले. द्राहोमीराबाई वाजवत नव्हत्या. त्या खुर्चीत ताठ बसून होत्या. ओल्द्रिखने त्यांच्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो दाराकडे न बघता बसून राहिला.

"यासाठी थांबले होते मी," त्या म्हणाल्या. "आधी उठले असते तर जगली असती."

तेवढ्यात पडदा पुन्हा वर गेला. मुलगी चालत पुढे आली. शिपायाचा हात धरून तिने कमरेत वाकून नमस्कार केला. खोटी बातमी आणणाऱ्या माणसाने तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि कुणीतरी तिला फुलं दिली.

"ओल्दा," द्राहोमीराबाई म्हणाल्या, "ही मेली होती ना?"

"मेली होती. मी बघितलं."

"मग?"

"मला काय विचारतेस? मीही पहिल्यांदाच बसलोय."

बाई उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. पडदा सहा वेळा वर गेला, सहाही वेळा मुलगी धडधाकट होती. सातव्यांदा जाईल म्हणून त्या थांबल्या. अखेर झाडूवाल्या बाईने त्यांच्या बाजूचे दिवे बंद केले.

कोटांच्या रांगेत ते सगळ्यांत मागे होते. पुढे निदान तीनशे माणसं असतील. ओल्द्रिखने ती एकदा मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्यांच्या अगदी पुढे मोत्यांची माळ घातलेली एक वृद्ध बाई रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होती. द्राहोमीराबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडू नका हो," त्या आपल्या भाषेत म्हणाल्या. "उठली ती नंतर. मी स्वतः बघितलंय."