कुंभारगल्लीतली मुनादी

जप्त केलेल्या मडक्यांची बैलगाडी बलदियाच्या आवारात उभी होती आणि गिरजाबाई कुंभारीण चाकाला धरून बसली होती. बलदिया म्हणजे आमची जालन्याची नगरपालिका. राज्य निजामाचं, आणि मी तिथला ठराव लिहिणारा मुन्शी. उन्हाळ्यात विकायचा बाईचा सगळा माल त्या गाडीत होता.

ठराव साधा होता. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर माल मांडायचा नाही, मांडला तर जप्त. पण नुसता मंजूर झाल्याने ठराव लागू होत नसे. मी तो बुकात उर्दूत उतरवायचा, नक्कल काढायची, बलदियाच्या मोठ्या साहेबांची मोहर घ्यायची आणि डफवाल्याला घेऊन गल्लोगल्ली ती नक्कल वाचायची. ही मुनादी. शेवटी ‘लफ्ज-ब-लफ्ज वाचली’ असं लिहून सही करायची, ती तस्दीक. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ठराव कच्चा, असा साहेबांचा धाक. मराठीत समजावणं म्हणजे तर मजकूरच बदलणं. या कामात मी पक्का होतो आणि त्याचा मला भारी तोरा होता.

साहेबांनी बाईला आत बोलावलं. मला विचारलं, “मुन्शीजी, कुंभारगल्ली में मुनादी हुई थी?”

“जी हुजूर, हुई.”

“लफ्ज-ब-लफ्ज?”

“बिलकुल.”

“फिर ये बाई कैसे कहती है, मालूम नहीं था?”

गिरजाबाई माझ्याकडे वळली. “मुन्शीजी, तुम्ही आल्ते तव्हा मी दारातच व्हते. हात जोडून उभी राह्यले. मला वाटलं, सरकारची आरती म्हणून राह्यले.”

दारातला शिपाई फिस्सकन हसला. मी कानकोंडा झालो. तिचं काय चुकलं? नकलेच्या सुरुवातीला निजामसरकारचे लांबलचक किताब असत, ते वाचतानाच मला दम लागायचा. तिने जोडलेले हात मी पाहिले होते. मला वाटलं होतं, बाई कायद्याला मान देतेय. आणि मी खूश झालो होतो!

“तस्दीक बराबर है,” साहेब म्हणाले. माल परत मिळावा हा बाईचा अर्ज फेटाळला. मडक्यांचा लिलाव ठरला.

बाहेर बाईने मला थांबवलं. “आता तरी सांगा, त्या दिवशी काय वाचलं व्हतं?”

“बाजाराच्या दिवशी रस्त्यावर माल मांडू नका. मांडला तर जप्त होईल.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “एवढंच व्हतं? मंग तव्हाच म्हणायचं न्हाई का, बाबा?”

मला मान वर करवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढेही मी पुष्कळ ठराव तस्दीक केले. त्यातला एकही कायद्यात कच्चा निघाला नाही. ऐकणाऱ्याला काय कळलं, हे लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. ती असावी असं साहेबांना सुचवायची हिंमत मला नोकरी संपेपर्यंत झाली नाही.