उजवा हात, डावा हात

सोलापुरात ख्रिस्ती मिशनच्या कॉलेजात मी बी.एड. करत होते, तेव्हा जुन्या बॅचकडून नव्या बॅचकडे एक युक्ती चालत आली होती. परीक्षेसाठी शाळेत जो पाठ घ्यावा लागे, त्याआधी वर्गातल्या मुलांना सांगून ठेवायचं की, प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा; आपण उजवा हात बघूनच उत्तर विचारायचं. मागे बसलेल्या परीक्षक मॅडमना सगळा वर्ग हुशार दिसतो.

सकाळच्या प्रार्थनेत खरेपणा मागायचा आणि दुपारी हे? मी वडिलांबरोबर कामगारांची पत्रकं वाटत वाढलेली. मी साफ नकार दिला. मैत्रीण म्हणाली, "नापास हो, मग वाटत बस पत्रकं!"

आठवीच्या वर्गाला 'समता' शिकवताना मी घसा फोडून बोलले. मग प्रश्न विचारला. एकही हात वर आला नाही. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, तुमी लई भारी बोलता, पण कळलं न्हाय की."

मी खडू खाली ठेवला आणि तिलाच विचारलं, "तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं?"

आता मात्र भराभर हात वर आले. घंटा झाली तेव्हा आधी लिहून आणलेल्या टाचणातला अर्धा पाठ शिल्लक होता. मी जेमतेम पास झाले.

युक्ती नाकारल्याचा मला अजूनही अभिमान वाटतो. पण ती वापरली असती, तर माझ्या भाषणानंतर सगळा वर्ग डावा हात वर करून बसला असता आणि उत्तर विचारायला कुणीच सापडलं नसतं, हेही मी विसरत नाही.