अर्धा स्पंज
प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी नर्सिंगच्या पोरी आधी आपापल्या पेशंटकडे जातात, देवळात नंतर. परीक्षा खऱ्या खाटेवर, खऱ्या माणसाच्या अंगावर. तो ऐनवेळी रुसला तर सगळ्या अभ्यासावर पाणी. म्हणून त्याला चहा आणून द्यायचा, गप्पा मारायच्या, आणि बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी विचारलं तर काय सांगायचं तेही पढवून ठेवायचं. कॉलेजात हे कोणी शिकवत नाही, पण येतं सगळ्यांना.

वाशिमहून पुण्याला बी.एस्सी. नर्सिंग करायला आलेली अपेक्षाही यात कमी नव्हती. लेखीत ती हुशार, पण परीक्षक समोर उभे राहिले की हात लटपटायचे. गेल्या खेपेला भांड्यातलं पाणी पेशंटच्या गादीवर सांडून ती याच प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली होती. आताही तेच झालं, तर मैत्रिणी पुढच्या वर्गात जाणार आणि ही एकटी मागे राहणार.

या खेपेला तिच्या वाट्याला खुब्याचं ऑपरेशन झालेल्या सरूबाई आल्या. धानोरीतलं शेतकऱ्याचं घर. शेतावर इमारती उभ्या राहिल्या तरी सरूबाईंची बोली होती तशीच होती. पोरगी एकदा नापास झालीय हे कळल्यावर तर त्यांनी तिची परीक्षा स्वतःचीच मानली.

"मॅडमनी विचारलं तर दुखत नाही म्हणा हं, मावशी," अपेक्षानं बजावलं.

"तू बिनघोर ऱ्हा, पोरी."

परीक्षक मंदाकिनी मॅडम आल्या त्या कपाळावर आठी घेऊनच. त्यांनी स्पंज, म्हणजे खाटेवरच पेशंटचं अंग पुसून दाखवायला सांगितलं. अपेक्षानं पडदा ओढला, कोमट पाण्यात फडकं पिळलं आणि तोंड, मान, हात असं एकेक पुसत आली. आज हात अजिबात कापत नव्हते. मॅडमनी सरूबाईंना काही त्रास होतोय का विचारलं, तर त्या हसून काय बी न्हाई म्हणाल्या. अपेक्षाचा जीव भांड्यात पडला.

मग डाव्या पायाची पाळी आली. पोटरी टणक झाली होती, हाताला गरम लागत होती, दुसरीपेक्षा चांगलीच जाडही दिसत होती. फडकं लागताच सरूबाईंनी चादर मुठीत आवळली. चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच.

"दुखतंय ना?" अपेक्षानं हळूच विचारलं.

"न्हाई दुखत. तू पूस."

अशा पायात रक्ताची गुठळी असू शकते आणि पाय चोळला तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हे तिनं लेखीत नीट लिहिलं होतं. इकडे पाय आणि पाठ तेवढी उरली होती. ती पुसली की पास. मॅडमचं पायाकडे लक्षही नव्हतं. खोटं कशाला सांगा, क्षणभर तिचं मन डळमळलं. मग तिनं फडकं भांड्यात ठेवलं.

"मॅडम, मी इथंच थांबते. पाय सुजलाय, गरमही आहे. डॉक्टरांना बोलवायला हवं. आणि दुखत नाही म्हणायला मीच शिकवलं होतं त्यांना."

डॉक्टर आले, तपासणी झाली. गुठळीच निघाली आणि लगेच उपचार सुरू झाले. सरूबाई मात्र मॅडमच्या मागे लागल्या, की पोरीला नापास करू नका, खोटं मी बोलले.

"स्पंज अर्धाच झालाय," मंदाकिनी मॅडम म्हणाल्या. "मार्कही अर्धेच मिळतील. पास व्हायला तेवढे पुरतात. पेशंटला पढवायचं मात्र पुन्हा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, काही काम नसताना अपेक्षा वॉर्डात गेली. सरळ सरूबाईंच्या खाटेपाशी पोचली.

"मावशी, आता खरं खरं सांगा. काय काय दुखतंय?"

"पाय तर हायच. पाठ बी लई दुखतीय, ऑपरेशन झाल्यापास्नं. रातच्याला झोप न्हाई. आन् घरची सारखी आठवन येतीय. पर ह्ये तू इचारलंस म्हनून."

अपेक्षानं स्टूल ओढलं आणि त्यांच्या उशाशी बसली.