रात्रीचा नववा माणूस

पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि आजोबा लांब सळईनं बॉयलरखालचे निखारे पुढे ओढत होते. धुलाईच्या कारखान्यात सात वाजता कामगार येतात, तेव्हा वाफ तयार लागते. आज मात्र हे शेवटचंच. संध्याकाळपर्यंत गॅसवरचं, आपलं आपण पेटणारं यंत्र बसणार होतं. त्याला रात्रपाळीचा माणूस लागत नाही.

दारात थोरल्या मुलाची मुलगी येऊन उभी राहिली.

"इतक्या सकाळी? घराला आग लागली का गं?"

"लागायची वेळ आलीय. तुमच्यामुळेच."

घर म्हणजे दोन खोल्या आणि माणसं नऊ: आजी-आजोबा, आई-वडील, काका-काकू, काकांची जुळी आणि ही नात. काकांनी स्वतःच्या हातानं माळा बांधला तेव्हा फूटपट्टी घेऊन एकेकाची झोपायची जागा आखली होती. जुळी वाढतील म्हणून वीतभर जागा जास्तीची सोडली. सख्ख्या बापाला तेवढं मोजायचं विसरले. ही चूक कुणाच्या लक्षातही आली नाही, कारण आजोबा रात्री घरी नसायचेच. खिडकीजवळच्या खाटेवर दिवसा ते झोपायचे आणि रात्री नात. खाट एक, चादरी दोन.

आता आजोबा रात्री घरी असणार म्हटल्यावर घरच्यांनी बसल्या बैठकीत निकाल लावला. खाट आजोबांना. नातीनं आत्याकडे राहायचं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून तिच्या शिवणाच्या कारखान्यात जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि आत्याचं तोंड दिवसभर बंद होत नाही. आईनं बॅग भरायला घेतलीसुद्धा होती.

नातीला जायचं नव्हतं. पण आजोबांना नको म्हणणार कोण? घरासाठी एवढं केलेला माणूस. काकांच्या लग्नानंतर घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून यांनी आपणहून रात्रपाळी मागून घेतली, असं आजी आल्यागेल्याला डोळे पुसत सांगायची. काल रात्री मात्र नातीला या गोष्टीत एक खोट सापडली होती. तेच विचारायला ती आली होती.

"आजोबा, रात्रपाळी तुम्ही काकांच्या लग्नापायी घेतलीत ना?"

"कोण म्हणतं?"

"आजी."

"म्हणू दे. तिच्या घोरण्यापायी घेतली असं मी सांगत सुटलो असतो तर बरं दिसलं असतं का?"

नात हसली, पण तिनं पिच्छा सोडला नाही. "बाबा म्हणतात, ते शाळेत होते तेव्हाही तुम्ही दिवसा झोपायचात. चेंडू खेळला की ओरडायचात. तेव्हा घरात माणसं किती होती? काका तर चड्डीत होते."

आजोबांनी भट्टीत फावडंभर कोळसा टाकला, दार लावलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. खुर्चीचा एक हात तुटलेला होता, बैठकीला यंत्राचा जुना पट्टा गुंडाळलेला.

"या खुर्चीत बसलो की मला कुणी 'जरा सरका' म्हणत नाही," ते म्हणाले. "आम्ही सात भावंडं. मग लग्न, पोरं, सुना, तुम्ही. जेवताना सरका, दाढी करताना सरका. इथं रात्रभर मी आणि ही आग. एकदा कुणाच्या बदली रात्री आलो, आवडलं, साहेबाच्या मागे लागून कायमची पाळी घेतली."

"म्हणजे तो सगळा त्याग..."

"कसला त्याग? मजेत होतो मी."

"मग आता कसं करणार?"

आजोबांनी सळईनं खिडकीबाहेर दाखवलं. समोरच्या बेकरीच्या धुराड्यातून धूर निघत होता. "त्यांचा भट्टीवाला लेकाकडे राहायला गेलाय, कायमचा. मी विचारून आलोय. आज रात्रीपासून या म्हणालेत."

"घरी सांगितलंत?"

"कोणत्या तोंडानं? मला आराम द्यायचा म्हणून तुझा काका नवी उशी घेऊन आलाय. तूच सांग. तुझी जीभ बरी चालते."

नातीनं घरी जाऊन सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं, घोरण्याचंही.

काकू आधी उसळली. "या वयात? लोक म्हणतील, सुनांनी सासऱ्याला रात्रीचं घराबाहेर काढलं!"

"आणि उशीचं काय?" काका म्हणाले.

"दिवसा डोकं नसतं का त्यांना?" नात म्हणाली.

आजी म्हणाली, "घोरण्याचं काय म्हणाले, ते ऐकलं मी. येऊ देत घरी." आणि थोड्या वेळानं, "पाहुण्यांना मात्र मी आहे तेच सांगणार. इतक्या वर्षांचं आता कुठं बदलत बसू?"

जुळी खिदळायला लागली. वडिलांनी घड्याळाकडे बघून विचारलं, "बेकरीची पाळी सुटते किती वाजता?"

नातीला ते माहीत होतं. आईनं बॅगेतले कपडे बाहेर काढायला सुरुवात केली.

धुलाईच्या कारखान्याची पाळी सातला सुटायची, बेकरीची साडेपाचला सुटते. आजवर नातीला खाट सव्वासातला सोडावी लागायची. उद्या सकाळी ती पावणेसहाला सोडावी लागेल.