गेटच्या आत की बाहेर

कॉलेजच्या वर्कशॉपमागून स्कूटर स्टँडकडे जाणारी वाट संध्याकाळी रिकामी असायची. मी दुसऱ्या वर्षाला असताना तिथं एका माणसानं मागून माझा हात धरला. तोंडाला रुमाल बांधलेला. मी किंचाळले, बॅग त्याच्या तोंडावर हाणली, तसा तो वर्कशॉपच्या दिशेनं पळाला. बाहेरचा असता तर गेटकडे पळाला असता, हे मला तेव्हाच खटकलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन शिस्तीचं काम बघणाऱ्या सरांकडे गेले. त्यांनी चहा मागवला.

"बेटा, गेट के अंदर हुआ या बाहर?"

"अंदर, सर."

"पक्का? घबराहट में समझ नहीं आता." हेच त्यांनी पुन्हापुन्हा विचारलं. मग हळूच म्हणाले, "ऐसी शिकायत हमारे यहाँ पहली बार आई है. पुलिस में जाओगे तो लड़की का ही नाम खराब होगा."

बाबा गावातल्या स्टील प्लांटच्या सेफ्टी विभागात होते. बाहेर येताच म्हणाले, "आमच्याकडे वरून वीट पडली अन् कोणाले लागली नाही, तरी लिहून द्यावं लागते. हा कावून इतकं गोड बोलून राहिला?"

"बाबा, मले तर याचाच संशय येऊन राहिला," मी म्हटलं.

त्यानंतर मी प्रत्येकाकडे निरखून पाहायला लागले. शिपाई, गार्ड, वर्गातली मुलंसुद्धा. त्यात उन्हाळा. आमच्या सेक्टर दहापासून पावर हाउसच्या बाजारापर्यंत अर्धं गाव तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं.

एके दुपारी कँटीनमध्ये सिव्हिलची एक सिनियर माझ्या शेजारी येऊन बसली. "तूने भी शिकायत की थी ना? वर्कशॉप के पीछे?" तिच्यासोबत हिवाळ्यातच हे घडलं होतं. सरांनी तिलाही सांगितलं होतं, पहिलीच तक्रार आहे म्हणून.

त्याच संध्याकाळी बाबा आम्हा दोघींना पोलीस ठाण्यात घेऊन गेले. आधी तिथंही टाळाटाळ झाली, पण बाबा खुर्चीवरून हलले नाहीत. शेवटी रिपोर्ट लिहिला गेला.

आठवडाभरात माणूस सापडला. वर्कशॉपच्या दुरुस्तीला आलेल्या ठेकेदाराचा सुपरवायझर होता. सिनियरला त्यानं तेव्हा धमकावलं होतं, त्या आवाजावरून तिनं त्याला ओळखलं. कॉलेजनं वाटेवर दिवे लावले आणि नोटीस काढली, त्यात त्याला 'बाहरी व्यक्ति' म्हटलं होतं.

तो कोण हे सरांना आधीपासून माहीत होतं, की त्यांना फक्त कॉलेजचं नाव सांभाळायचं होतं? मला आजही सांगता येत नाही. पुढं ते व्हरांड्यात भेटले की हसून विचारायचे, "सब ठीक है ना, बेटा?" मी मान हलवायची आणि भराभर पावलं उचलायची.